वारा अंगावर कोण घेणार?

वर्सोव्याहून सायकलवर लांब जायचं तर वाटा मोजक्याच. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला खाडी. एक वाट सात बंगल्यावरून जे. पी. रोडने अंधेरी स्टेशनकडे आणि पुढे पश्चिम द्रुतगती मार्गाला लागते. दुसरी जुहू, वांद्रे करत दक्षिणेला जाते. सी लिंक आणि कोस्टल रोड या दोन्हींवर सायकलला मनाई असल्यामुळे माहीम, दादर, वरळी असं शहराच्या पोटातून जावं लागतं. तिसरी वाट सगळ्यांत मजेची. वर्सोवा गावातल्या जेट्टीवर सायकलसकट फेरीबोटीत चढायचं आणि काही मिनिटांत मढला उतरायचं. हेच अंतर रस्त्याने काटायचं तर मालाडचा लांबलचक वळसा. मढहून आक्सा, मार्वे. मार्व्याला पुन्हा बोट, मग मनोरी, गोराई, उत्तन आणि भाईंदरवरून घरी.

शनिवार-रविवारी पहाटे या तिन्ही वाटांवर एकसारख्या जर्सी घातलेले आठ-दहा जण एका रांगेत जाताना दिसतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हौशी मंडळी आहेत, योगायोगाने एकत्र चालली आहेत. प्रत्यक्षात त्या रांगेत कोण कुठे आहे, पुढचा माणूस कधी बदलणार, मागे राहिलेल्याचं काय करायचं, हे सगळं ठरलेलं असतं. याच क्लबातले चार-सहा जण महिन्या-दोन महिन्यांनी पाठीवर नंबर लावून शर्यतीतही उतरतात. पोट कमी करायला आलेले पन्नाशीचे काका आणि पदकाच्या मागे लागलेला पंचविशीचा मुलगा एकाच क्लबात कसे नांदतात? दोघांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे समोरून येणारा वारा. हा वारा अंगावर कोण घेणार, किती वेळ घेणार आणि कुणासाठी घेणार, याची वाटणी म्हणजे सायकल क्लब.

रविवारची मांडणी

क्लबाचं ऑफिस बहुधा व्हॉट्सॲपवरच असतं. शुक्रवारी रात्री पोल पडतो: रविवारी कुठे जायचं, किती किलोमीटर, कोणत्या गटात. गट वयावरून किंवा सायकलच्या किमतीवरून नाही, वेगावरून पाडतात. साधारणपणे सपाटीवर ताशी २० किलोमीटरच्या आसपास राहणारा एक गट, पंचवीसच्या आसपासचा दुसरा आणि तिसाच्या पुढचा तिसरा. प्रत्येक क्लबाचे आकडे थोडे वेगळे, पण पद्धत हीच. एका गटात आठ-दहाच जण ठेवतात आणि दोन गटांत अंतर सोडतात, म्हणजे मागून येणाऱ्या बसला किंवा रिक्षाला पुढे जायला जागा मिळते.

गटात दोन माणसं जबाबदार असतात. पुढे कॅप्टन, शेवटी स्वीप. कॅप्टनकडे वाट आणि वेग, स्वीपकडे माणसं. स्वीप नेहमी गटातला तगडा सायकलस्वार असतो, कारण पंक्चर झालेल्याजवळ दहा मिनिटं थांबून पुन्हा गट गाठायचं बळ त्याच्या पायांत लागतं. हळू गटात ‘नो ड्रॉप’ चालतं: कुणालाही मागे सोडून जायचं नाही. वेगवान गटात ही हमी नसते, पण तसं आधीच सांगितलेलं असतं. वादावादी होते ती बहुतेक वेळा हे न सांगितल्यामुळेच.

नियम थोडे आणि कडक. हेल्मेट नसेल तर राइड नाही. पुढे पांढरा दिवा, मागे लाल. कानात इअरफोन नाही. प्रत्येकाकडे स्वतःच्या मापाची एक जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, हातपंप, ओळखपत्र आणि थोडी रोकड. अंधेरीत अर्ध्या रात्रीही दुकान सापडेल. गोराईच्या पुढे भल्या सकाळी सातशे बाय अठ्ठावीस मापाची ट्यूब मिळणार नाही.

सुरुवात पाच-साडेपाचला आणि परतणं आठ-नऊच्या आत. याचं उघड कारण ट्रॅफिक. दुसरं कारण पुन्हा वाराच. पहाटे मुंबईत जमिनीकडून समुद्राकडे जाणारी मंद झुळूक असते. ऊन चढलं की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा आत येतो. हिवाळ्या-उन्हाळ्यात तो मुख्यतः पश्चिम-वायव्येकडून येतो. नरिमन पॉइंटला जाऊन उत्तरेला वर्सोव्याकडे परतणाऱ्याला अकराच्या सुमाराला तो तोंडावर बसतो. पाय आधीच थकलेले आणि त्यात हा वारा. म्हणून जाणते लोक चहा घरी येऊन पितात.

वाऱ्याचा हिशेब

सायकल चालवताना ताकद तीन ठिकाणी खर्च होते: हवेला बाजूला सारण्यात, टायर रस्त्यावर घासण्यात आणि चढ असेल तर स्वतःचं वजन वर उचलण्यात. सपाट रस्त्यावर चढाचा भाग नसतो. टायरच्या घर्षणापायी लागणारी ताकद वेगाच्या प्रमाणात वाढते. हवा मात्र वेगळा हिशेब लावते. वेग दुप्पट झाला की हवेसाठी लागणारी ताकद दुप्पट किंवा चौपट होत नाही, आठपट होते.

साधारण बांध्याचा माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरू. सपाटीवर, वारा पडलेला असताना, ताशी ३० किलोमीटरने एकट्याने जायला सुमारे १५० वॉट लागतात. त्यातले जवळपास ११५ वॉट केवळ हवेपायी. ताशी ४० जायचं म्हटलं की आकडा ३००च्या पुढे जातो आणि त्यातले सहापैकी पाच भाग हवा खाते. वेगात वाढ एक तृतीयांश, कष्ट दुपटीहून जास्त.

आता दुसऱ्याच्या चाकामागे या. पुढच्याने हवा फाडलेली असते, मागच्याला आडोसा मिळतो. अंतर किती, पुढचा किती रुंद, वारा कुठून, यावर फायदा ठरतो. पण जवळ राहिलं तर हवेचा रोध पाव ते तृतीयांश कमी होणं नेहमीचं आहे. ताशी ४०ला याचा अर्थ ७०-८० वॉटची बचत. जो एकटा चाळिशीने दहा मिनिटंही टिकणार नाही, तो मागे राहून तासभर जातो. आयंडहोव्हेन विद्यापीठातले प्राध्यापक बर्ट ब्लॉकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोळक्याच्या पोटात, मागच्या बाजूला असलेल्याला एकट्याच्या तुलनेत केवळ ५ ते १० टक्के रोध सोसावा लागतो, असं त्यात दिसलं. व्यावसायिक शर्यतीतला खेळाडू पाच तास घोळक्यात गप्पा मारत जाताना दिसतो, त्यामागचं गुपित हेच. आडोशाने जाण्याला सायकलवाले ‘ड्राफ्टिंग’ म्हणतात आणि पुढे राहून वारा घेण्याला ‘पुल’.

रांग कशी चालते

पुढचा माणूस सतत पुढेच राहिला तर तो संपेल. म्हणून पाळी लावतात. वेगवान गटात एक ते दोन मिनिटांचा पुल, हळू गटात त्याहून जास्त. पाळी संपली की पुढचा माणूस मागे नजर टाकतो, कोपर हलवून इशारा देतो, किंचित बाजूला सरकतो आणि पेडलवरचा जोर कमी करतो. रांग त्याच्या बाजूने पुढे निघून जाते. शेवटचा माणूस जवळ आला की तो पुन्हा थोडा जोर लावून त्याच्या चाकामागे चिकटतो. हा जोर वेळेत लावला नाही तर दोन मीटरची फट पडते, आणि फट पडली की आडोसा कमी होतो. दमलेल्या माणसाला ती फट भरायला जो जादा झटका द्यावा लागतो, त्यातच तो गटापासून तुटतो.

नवीन माणसाची हमखास होणारी चूक इथेच दिसते. आपली पाळी आली की अंगात वारं शिरतं. मागे असताना १६० वॉटमध्ये ताशी ३२ सहज जमत होतं; पुढे आल्यावर तो दाखवायला म्हणून ३५वर नेतो. मागची रांग ताणते, स्वीपची ओरड ऐकू येते आणि स्वतः तो दीड मिनिटात धापा टाकतो. नियम साधा आहे: पुढे येताना नजर वेगाच्या आकड्यावर ठेवायची. वेग तोच, कष्ट जास्त. जमत नसेल तर वीस सेकंदांत बाजूला व्हायचं. त्यात कमीपणा नाही.

दुसरी चूक धोक्याची. नवशिका पुढच्याच्या मागे राहण्याऐवजी थोडा बाजूला राहतो आणि त्याचं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाला समांतर येतं. पुढच्याने खड्डा चुकवायला जरा अंग हलवलं की चाकाला चाक लागतं. पुढच्याला फक्त धक्का जाणवतो. पडतो मागचा, कारण त्याचं वळवायचं चाक अडकलेलं असतं. म्हणून सुरुवातीला एका चाकाएवढं अंतर आणि थेट मागे. वीतभर अंतरावर यायला महिने लागतात आणि लागावेत.

पाठीमागे बसलेल्याला रस्ता दिसत नाही, त्याला फक्त समोरची पाठ दिसते. म्हणून डोळ्यांचं काम पुढच्याचं. खड्डा असेल तर त्या बाजूला हात खाली करून बोट, डावीकडे रिक्षा उभी असेल तर पाठीमागे हात नेऊन उजवीकडे खूण, थांबायचं तर हाताचा पंजा. आवाजी सूचना त्याहून जलद: ‘खड्डा’, ‘ब्रेकर’, ‘स्लो’, आणि मागून मोठी गाडी येत असेल तर स्वीपकडून पुढे पोचणारं ‘कार बॅक’. प्रत्येकाने ती सूचना पुढच्याला किंवा मागच्याला द्यायचीच असते. पावसाळ्यात यात भर पडते: गटाराची लोखंडी झाकणं, कामाच्या ठिकाणी टाकलेले पत्रे, झेब्राचा पांढरा रंग आणि जेट्टीचा शेवाळलेला उतार. या चारही ठिकाणी ओल्या टायरला पकड नसते, तिथे वळायचं नाही आणि ब्रेक मारायचा नाही.

मढ-मार्वेच्या बाजूला आडवा वारा भेटला तर आडोसा थेट मागे न मिळता तिरका मागे मिळतो. शर्यतीत यावर रस्ताभर तिरकी फळी लावतात. आपल्या अरुंद, दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर ते करायचं नसतं. तिथे वेग कमी करून एका रांगेत राहणंच बरोबर.

क्लबातून संघ

क्लबात शंभर जण असतील तर शर्यत करणारे फार तर आठ-दहा. त्यांची निवड नुसत्या पायांवर होत नाही. रांगेत वर्षभर नीट वागलेला, हात न डगमगता वीतभर अंतरावर राहणारा, हाक ऐकणारा माणूस आधी घेतात. ताकद पुढे वाढवता येते. गोंधळी माणूस मात्र पन्नास जणांच्या घोळक्यात दहा जणांना घेऊन पडतो.

ताकद मोजायचं माप ‘एफटीपी’. साधारण तासभर टिकवता येईल अशी सर्वांत मोठी ताकद म्हणजे एफटीपी. प्रत्यक्षात तासभर चाचणी कुणी देत नाही. वीस मिनिटं जीव तोडून चालवायचं, सरासरी काढायची आणि तिचे ९५ टक्के घ्यायचे. वीस मिनिटांत सरासरी २४० वॉट निघाले तर एफटीपी २२८. माणसाचं वजन ७० किलो असेल तर किलोमागे ३.२६ वॉट. सपाटीवर एकूण वॉट कामाला येतात, चढावर किलोमागचे वॉट. हे दोन आकडे हातात आले की कोण कशासाठी, हे बरंचसं ठरतं.

सराव मुंबईत कुठे करायचा? द्रुतगती मार्गावर मधेच सिग्नल, मधेच बस. म्हणून आठवड्यातले दोन दिवस पहाटे आरे कॉलनी: गोरेगावहून पवईकडे जाणारा चढ-उतारांचा रस्ता, तीन-चार मिनिटांचे तुकडे पुन्हा पुन्हा मारायला सोयीचा. लांब चढ हवा तर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता, उद्यानाच्या वेळा सांभाळून. जून ते सप्टेंबर बरेच जण घरात ट्रेनरवर: मागचं चाक काढून सायकल यंत्रावर बसवायची, समोर स्क्रीन, अंगावर पंखा. कंटाळवाणं काम, पण ऑक्टोबरनंतरच्या हंगामाची बैठक तिथेच तयार होते.

एक गोष्ट शहाणे क्लब कटाक्षाने पाळतात. उघड्या रस्त्यावर शर्यत नाही. स्ट्राव्हासारख्या ॲपवर रस्त्याच्या तुकड्यांची क्रमवारी लागते आणि तिच्या नादाने लोक सिग्नल तोडतात. शर्यत म्हणजे पोलिसांची परवानगी, अडवलेला किंवा राखलेला रस्ता, सोबत रुग्णवाहिका आणि पंच. यातलं काही नसेल तर ते फक्त जोरात सायकल चालवणं.

एक जिंकतो, बाकीचे काय करतात?

रस्त्यावरच्या शर्यतींचे मुख्य प्रकार चार. वैयक्तिक टाइम ट्रायलमध्ये प्रत्येकाला ठरावीक अंतराने एकट्याला सोडतात. आडोसा घ्यायला बंदी, घड्याळाशी सामना. सांघिक टाइम ट्रायलमध्ये पूर्ण संघ एकत्र सुटतो आणि वर सांगितलेली रांग अगदी शुद्ध रूपात दिसते. क्रायटेरियम म्हणजे छोट्या बंद रस्त्यावर फेऱ्या. वळणावळणाला ब्रेक आणि झटका. आणि रोड रेस: सगळे एकत्र सुटतात, जो आधी पोचेल तो पहिला.

रोड रेसमध्ये संघ सहा जणांचा असला तरी व्यासपीठावर एकच चढतो. दहीहंडीत सगळ्यांत वर चढून हंडी फोडणाऱ्याचा फोटो येतो आणि खालचा थर खांद्यांवर वळ घेऊन घरी जातो, तसंच. खालच्या थराची कामं ठरलेली असतात. दोघे सुरुवातीपासून नेत्याच्या, म्हणजे ज्याला जिंकवायचं त्याच्या, पुढे राहून त्याला वारा लागू देत नाहीत. एक जण मागच्या गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणतो. नेत्याचं चाक पंक्चर झालं तर जवळचा सहकारी स्वतःचं चाक काढून देतो आणि स्वतःची शर्यत तिथेच सोडतो.

डावपेच सगळे याच वाटणीतून निघतात. समजा तिघे जण घोळक्यातून निसटले आणि त्यात आपला एक आहे. घोळक्याला त्यांना पकडायचं तर कुणाला तरी पुढे येऊन वारा घ्यावा लागेल. आपल्या संघाने काय करायचं? काही नाही. पुढच्या ओळीत बसायचं आणि पुल द्यायचा नाही. आपला माणूस पुढे असताना त्याच्या पाठलागाला हातभार कोण लावेल? उलट त्या तिघांत आपलं कुणी नसेल तर लगेच दोघांना पुढे पाठवून वेग वाढवायचा.

शेवटच्या किलोमीटरला स्प्रिंटर संघाच्या रांगेत शेवटून पहिला असतो. पुढचा जीव खाऊन तीनशे-चारशे मीटर ओढतो आणि बाजूला होतो. दुसरा त्याहून वेगाने ओढतो. तिसरा दोनशे मीटरवर आणून सोडतो. तोवर स्प्रिंटरच्या छातीवर मोकळा वारा आलेलाच नसतो. तो आता बाहेर पडतो, पूर्ण ताकदीने, दहा-पंधरा सेकंद. घरी परतताना बक्षिसाची रक्कम संघात वाटली जाते. अनेक संघांचा हा जुना रिवाज आहे आणि तो मोडणाऱ्याला पुढच्या शर्यतीत पुल मिळत नाही.

बोरघाटात गणित उलटतं

महाराष्ट्रात सायकल शर्यत म्हटलं की जुन्या पिढीला मुंबई-पुणे शर्यत आठवते. वाट जुन्या महामार्गाची: पनवेल, खोपोली, बोरघाट, लोणावळा, तळेगाव, पुणे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर सायकलला प्रवेशच नाही. या शर्यतीत विजेत्याइतकाच मान आणखी एकाला मिळतो. घाट सगळ्यांत आधी चढणारा ‘घाटाचा राजा’.

घाटाला वेगळा मुकुट का, हे मघाच्या आकड्यांवरून समजतं. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत पाचशे मीटरहून जास्त उंची चढायची असते. सहा टक्के चढावर ८० किलोचं ओझं ताशी १५च्या वेगाने न्यायला सव्वादोनशे वॉटच्या आसपास लागतात. त्यातले जवळपास दोनशे नुसतं वजन उचलण्यात जातात. हवेच्या वाट्याला पंधरा वॉटसुद्धा येत नाहीत. म्हणजे आडोशाचा फायदा जवळपास संपला. सपाटीवर दुसऱ्यांच्या मागे लपून आलेला इथे उघडा पडतो. सडपातळ, किलोमागे जास्त वॉट काढणारा सुटतो आणि त्याला रोखायला संघ पुरत नाही.

पण शर्यत लोणावळ्यात संपत नाही. पुढे पुण्यापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर राहतात, बहुतेक सपाट आणि उताराचे. घाटाचा राजा एकटा पुढे असेल तर त्याला सगळा वारा एकट्याने घ्यायचा आणि मागे पाच-सहा जण पाळीपाळीने ओढत आलेले. दोन मिनिटांची आघाडी तळेगावपर्यंत विरघळू शकते. म्हणून घाट जिंकणं आणि शर्यत जिंकणं ही दोन वेगळी कामं. ज्याला दोन्ही हवी असतात त्याच्याजवळ पाय तर लागतातच, घाट चढून त्याच्यासोबत आलेला निदान एक सहकारीही लागतो.

शर्यत नको, लांब जायचंय

सगळ्यांना चढाओढ मानवत नाही. त्यांच्यासाठी ब्रेव्हे, म्हणजे बीआरएम. भारतात त्याची व्यवस्था ऑडॅक्स इंडिया पाहते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. पहिला-दुसरा असं काही नाही. वेळेत आला तो पास. वाटेतल्या ठरावीक ठिकाणी कार्डावर नोंद घ्यायची. एका हंगामात चारही अंतरं पुरी केली की ‘सुपर रँडोनर’. या वाटेने पुढे गेलं की फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस: १२०० किलोमीटर, कमाल ९० तास, पहिल्यांदा १८९१मध्ये झालेली आणि आता दर चार वर्षांनी होणारी. ब्रेव्हेत एकमेकांच्या आडोशाने जायला मुभा असते, त्यामुळे रविवारच्या रांगेत शिकलेलं इथे सरळ कामाला येतं.

मुंबईला हे वेड नवं नाही. १९२३च्या ऑक्टोबरमध्ये बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा १९२८मध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर करून मुंबईला परतले. क्लब वजन उचलण्याचा होता, हे विशेष.

आपल्या काळातलं उदाहरण नाशिकचं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण केली: कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरीलँडमधल्या ॲनापोलिसपर्यंत, जवळपास ४,८०० किलोमीटर, ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत. संघांना मर्यादा नऊ दिवसांची असते. या शर्यतीत दुसऱ्याच्या मागे लपून जायला बंदी आहे. दोघांनी आळीपाळीने चालवायचं, एक रस्त्यावर असताना दुसरा गाडीत झोपायचा. मग संघाचं काम काय? गाडी चालवणं, रात्री वाट दाखवणं, दर तासाला खाऊ घालणं, झोप मोजणं. इथे वारा वाटून घेता येत नाही, बाकी सगळं वाटून घेतलं जातं. २०१७मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या मर्यादेत पुरी केली. त्यांच्यामागेही असाच गोतावळा होता. आपल्याकडे पुणे ते गोवा अशी सुमारे ६४० किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ त्या अमेरिकी शर्यतीची पात्रता फेरी म्हणून होते आणि क्लबातले बरेच जण तिथे चौघांच्या रिले संघात पहिल्यांदा उतरतात.

शिडीच्या पायऱ्या

अधिकृत शर्यतींची उतरंड अशी: वर १९००मध्ये पॅरिसला स्थापन झालेली यूसीआय ही जागतिक संघटना, तिच्याखाली सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडिया, मग राज्य संघटना, मग जिल्हा. राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं तर सहसा जिल्हा-राज्य निवडीतून जावं लागतं. सायकलही नियमात बसावी लागते. यूसीआयच्या शर्यतीत ती ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. जानेवारी २०२६मध्ये पुणे जिल्ह्यात झालेली ४३७ किलोमीटरची पुणे ग्रँड टूर यूसीआयच्या २.२ श्रेणीतली होती. यातला पहिला आकडा सांगतो की शर्यत अनेक दिवसांची, दुसरा तिचा दर्जा.

या शिडीवर वर्सोव्याचा क्लब कुठे बसतो? खरं सांगायचं तर बाजूला. युरोपात गावचा क्लब ही शिडीची सर्वांत खालची पायरी असते. दहा वर्षांचं पोर तिथे येतं आणि तिथूनच वर जातं. आपल्याकडे पदकविजेते बहुतेक वेगळ्या वाटेने येतात. साताऱ्याचा मयूर पवार, कोल्हापूरकडची पूजा दानोळे, संगमनेरची प्रणिता सोमण ही नावं पाहा: लहान गावं, क्रीडा प्रबोधिनीसारख्या निवासी योजना, १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलेलं पुण्याचं बालेवाडी संकुल, आणि पुढे रेल्वे किंवा सैन्यदलाचा आधार. उपनगरातले क्लब मात्र तिशी-चाळिशीतल्या नोकरदारांचे. त्यांच्याजवळ लाखाच्या पुढच्या कार्बनच्या सायकली असतात आणि ते मास्टर्स, म्हणजे प्रौढांच्या, गटात उतरतात. एकाकडे पाय आहेत, दुसऱ्याकडे साधनं. ज्या क्लबांनी जुनी चाकं, बूट, ट्रेनर होतकरू पोरांना वापरायला दिले, शर्यतीला नेलं-आणलं, तिथे ही दरी थोडी बुजते. क्लबाला हे अवघड जाऊ नये, कारण दुसऱ्यासाठी वारा अंगावर घेण्याची सवय त्याला दर रविवारी लागतेच आहे.

पहिला रविवार

यायचं ठरवलंत तर नवी सायकल घेऊ नका. घरात असलेली गिअरची सायकल दुकानात नेऊन ब्रेक, चेन आणि टायर पाहून घ्या. सीटची उंची अशी ठेवा की पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. हळू गटाला नाव द्या, वेग जमत असला तरी. सुरुवातीचे एक-दोन रविवार स्वीपच्या पुढची जागा मागून घ्या. तिथून पूर्ण रांग दिसते आणि चुकलंत तर मागे सांभाळून घ्यायला फक्त स्वीप असतो. समोरच्याच्या चाकाकडे टक लावू नका, त्याच्या खांद्यांवरून पुढे पाहा. ब्रेक झटक्याने मारू नका. दर अर्ध्या तासाला पाणी, तासाभराने एखादं केळं. जेट्टीवरून जायचं असेल तर पहिली बोट किती वाजता सुटते ते आदल्या दिवशी विचारा आणि सुटे पैसे ठेवा. आणि कॅप्टनने ‘पुढे या’ म्हटलं की मागे-पुढे न पाहता या: अर्धं मिनिट का होईना, पण त्याच वेगाने, बाकीच्यांना आडोसा देत.